पुस्तकात मुंगूस नाही

…नाही नाही, मले डॉक्टर लोकायचा राग नाही, राग मले त्या निकालाचा हाय. तुम्हाले सांगतो राजेहो, चांगला टाइप केलेला, शिक्का मारलेला निकाल, "रोगाची खूण आढळली नाही", अन् तो हाती धरून डॉक्टर मले म्हणते का बळीरामजी, खूण आढळली नाही याचा अर्थ रोग नव्हता असा घेऊ नका… मंग कसा घेऊ जी? उलटा धरून घेऊ? एका जिवाचा जीव घेऊन निकाल आणला, अन् निकाल म्हणते का मले काही माहीत नाही. तपासलं कायले मंग?

थांबा, अशानं तुम्हाले समजणार नाही, पहिल्यापासून सांगतो.

आमच्या घरी मुंगूस होतं. ही गोष्ट तीनेक वर्षाआधीची, एकोणऐंशी सालची, आम्ही तवा बी नागपूरजवळ कोराडीलेच पॉवर हाउसच्या कॉलनीत राहत होतो, कोळसा वाहून नेते त्या बेल्टवर मी फिटर. एक दिवस बेल्टखालच्या पाइपात काहीतरी कुईकुई करून राह्यलं, हात घातला तं राखेनं पांढरंफट झालेलं एवढंसं पिल्लू. मले वाटलं खार हाय. जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं, माही पोट्टी गोपिका, तवा तिसरीत होती, तिनं नळाखाली धरून धुतलं अन् खालून मुंगूस निघालं. आता एकदा आंघोळ घातल्यावर परत कोण नेऊन देते? राह्यलं ते. शेपूट फुलवून साऱ्या क्वार्टरांची पाहणी करत फिरे म्हणून त्याचं नाव सुभेदार. अहो, आधी आमच्या मोरीत साप निघत, पॉवर हाउसची राख सोडते त्या राखेच्या तळ्याकडून येत ते, सुभेदार आला अन् साप गेले, अन् उंदीर तं असे गेले का माही बायको प्रेमिला तांदळाचं पिंप उघडं ठेवाले लागली. गोपिकाच्या खांद्यावर बसून तो नळावर जाये, तिच्या ताटातलं अंडं खाये, तिच्या पायाशी झोपे. मी बाप असून मले ती पोट्टी एवढी कधी चिकटली नाही.

अन् आपल्याकडे तुम्हाले माहीतच हाय, कामाले निघताना मुंगसाचं तोंड दिसलं का काम फत्ते. नुसतं मुंगूस दिसून चालत नाही, तोंड दिसलं पाह्यजे, शेपूट दिसलं तं गेलं काम. झालं… साऱ्या कॉलनीले पत्ता लागला. कोणाच्या पोट्ट्याचा मॅट्रिकचा पेपर, कोणाच्या पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, कोणाची कोर्टात तारीख, सकाळी सकाळी आमच्या फाटकात गर्दी. "अवं प्रेमिला, सुभेदार उठला का वं?" अन् हे साहेब निवांत बसून अंग चाटून राह्यले, अन् लोक मान वाकडी करकरून त्याचं तोंड पाहून राह्यले. प्रेमिला म्हणे, आपल्या घरी येऊन देवाच्या फोटोले कोणी हात नाही जोडले, मुंगसाले जोडून राह्यले.

तं मे महिना. नागपूरचा मे मी तुम्हाले काय सांगू, अन् त्यात पॉवर हाउसची भट्टी बाजूले. सुभेदार दोन दिवसाचा सुस्त, काही खाये नाही, कूलरच्या मागं ओल्या खसच्या, वाळ्याच्या ताटीले नाक लावून पडला राहे, तोंडातून लाळ गळून राह्यली. अहो, मी स्वतः बनियन काढून जीभ बाहेर काढून बसलो होतो, तो तं बिचारा अंगभर केसाचा. अन् नेमकं त्याच दिवशी शेजारच्या नत्थूजीले फोरमनच्या जागेच्या मुलाखतीसाठी नागपुरात सदरले जायचं होतं. नत्थूजी म्हणजे बेल्टवरचा माहाच जोडीदार, माणूस चांगला, पण निरा घाईचा. आला इस्त्रीची पँट घालून, डोक्याले तेल चोपडून. "बळीराम, तोंड दाखव गा लवकर, बस जाईन." मी म्हटलं, नत्थूजी, झोपला हाय तो, त्याची तब्येत बरी नाही. "अगा, एक मिनिट." वाकून पाहते तं काय, कूलरच्या मागून नुसतं शेपूट दिसून राह्यलं. आता शेपूट पाहून गेला तं फोरमनकी गेली ना. तं या माणसानं काय करावं? मच्छरदाणीचा दांडा उचलला अन् कूलरच्या मागं घातला. "सुभेदारसाहेब… इकडे पाहा जी… जरासं…" असा टोचून राह्यला. तिकडून गुरगुर आली. गोपिका धावत आली, "काका, त्याले नका टोचू," म्हणे, अन् त्याले बाहेर काढाले तिनं आत हात घातला.

चावलं. पहिल्यांदाच चावलं. अंगठ्याच्या खाली चांगला दात रुतला. मंग तोंड बाहेर आलं, त्याले माह्या पोट्टीचं रक्त लागलेलं, अन् नत्थूजीनं हात जोडले. "दर्शन झालं," म्हणे, अन् पळाला बस धराले.

आता मुंगूस चावलं, लाळ गळून राह्यली, खाणं बंद… शहरातल्या डॉक्टरनं एवढं ऐकलं अन् पेन खाली ठेवला. पुण्याकडचे डॉक्टर, लय सभ्य माणूस, पोट्टीले बाहेर बाकावर बसवलं अन् हळूच म्हणते, "हे बघा बळीरामजी, पिसाळलेलं असू शकतं. कुत्रं पिसाळतं तसंच. आणि एकदा लक्षणं दिसली की आमच्या हातात काही राहत नाही. मुलगी जाते." असं. सरळ. मुलगी जाते. माह्या कानात बेल्ट चालू झाल्यासारखं झालं, डॉक्टरचं तोंड हलून राह्यलं अन् मले ऐकू येईना. मंग मी म्हटलं, सुया द्या जी. म्हणे, "सुया आजपासूनच. पोटात, बेंबीभोवती, रोज एक, चौदा." म्हटलं, द्या. म्हणे, "पण ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनते. क्वचित, अगदी क्वचित, लसीनंच लकवा होतो."

आता ऐका राजेहो. मुंगसानं रोग देल्ला असन अन् सुया नाही घेतल्या तं पोट्टी जाते, अन् रोग देल्लाच नसन अन् सुया घेतल्या तं सुईनं लकवा होऊ शकते. बापानं काय करावं? मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, कुत्रं चावलं तं त्याले दहा दिवस बांधून पाहते ना जी लोक, चांगलं राह्यलं तं रोग नाही, तसं आपण सुभेदारले पिंजऱ्यात ठेवू, मी सुट्टी टाकतो, त्याच्यासमोर बसून राहतो. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "ते कुत्र्याचं आहे. मांजराचंही आहे. मुंगसाचं पुस्तकात लिहिलेलं नाही." काहून? "कोणी ठेवून पाहिलेलं नाही." अहो, एवढं जाड पुस्तक टेबलावर, त्यात कोल्हा हाय, लांडगा हाय, वटवाघूळ हाय, दूध देणारी गाय हाय, अन् आपल्या दारात फिरणाऱ्या मुंगसाचं लिवलंच नाही!

"एकच मार्ग आहे," म्हणे, "त्याचा मेंदू तपासायचा. निकाल चांगला आला तर पुढच्या सुया थांबवता येतील." मी अडाणी नाही, आयटीआय केलेला माणूस हाय, तरी मी इचारलं, मेंदू कसा तपासते जी, म्हणजे… तो जित्ता असताना? डॉक्टर माह्याकडे पाहाले लागले, मंग मीच खाली पाह्यलं.

त्या दिवशी पहिली सुई देल्ली. दोन नर्सबाया धरून, मी पाय धरून, अन् पोट्टी अशी ओरडली का बाहेरचे रिक्षावाले आत डोकावले. पोटावर लिंबाएवढी गाठ. घरी येताना बसमध्ये म्हणते, "बाबा, उद्या बी?" तवाच मी ठरवलं. तुमच्यापैकी कोणीही तेच ठरवलं असतं.

आता न्यायचं कसं? सुभेदार कोणाच्या हाती येईना, त्याले थैलीत घालू शके ती एकटी गोपिका. मी म्हटलं, बेटा, तपासाले नेतो त्याले. तिनं भाजीच्या थैलीत तिचा जुना फ्रॉक अंथरला, उकडलेलं अंडं ठेवलं, त्याले उचलून आत बसवलं, कानात काहीतरी सांगितलं. मंग मले म्हणते, "बाबा, त्याले बी पोटात सुई देतीन का?" म्हटलं, नाही. "मंग बरं हाय," म्हणे. प्रेमिला आत निघून गेली.

बसमध्ये थैली मांडीवर. नाक बाहेर काढून हे खिडकीतून पाहून राह्यलं, कोळशाचे ट्रक, झाडं, सारं. बाजूले एक म्हातारे होते, ते खूश. "मुंगूस होय का जी? वा. चांगलं तोंड दिसलं, आज माह्या पेन्शनचं काम हाय."

नागपूरले जनावराच्या दवाखान्यातले डॉक्टर हिंदी बोलणारे, धिप्पाड, घाम पुसून पुसून टॉवेल ओला झालेला. "देखो भाई, सिर साबुत चाहिए. लोग डंडा मार के लाते हैं, भेजा ही फूट जाता है, फिर क्या खाक देखेंगे? तुम ने अच्छा किया, जिंदा लाए." मले म्हणते अच्छा किया. तेवढ्यात सुभेदार थैलीतून बाहेर आला, टेबलाखाली गेला, तिथी कूलरचं पाणी गळून एका घमेल्यात साचलं होतं, अन् चटचट पिऊन राह्यला. पाणी, राजेहो! पिसाळलेलं जनावर पाण्याले भेते हे पोट्ट्यापोट्ट्यायले माहीत हाय. मी त्या डॉक्टरचा हातच धरला, म्हटलं, साहेब, पाहा, पाणी पिऊन राह्यला, चांगला हाय तो, उन्हानं सुस्त झाला होता, त्याले नत्थूजीनं टोचलं म्हणून चावला. तं म्हणे, "भाई, पानी से आदमी डरता है. जानवर तो पी लेता है, पागल भी पी लेता है." मुंगूस बी? "नेवले का… नेवले का कहीं लिखा नहीं है."

मी म्हटलं, एक सांगा साहेब, तपासल्यावर पक्कं समजन ना? "पता चल जाएगा." बस. या तीन शब्दावर मी त्याले देल्लं. कंपाउंडरनं उचललं, सुभेदारनं मागं वळून एकदा पाह्यलं, तोंड दिसलं मले, चांगलं पूर्ण दिसलं, अन् गेला आत. ओरडला बी नाही. थोड्या वेळानं कंपाउंडरनं थैली परत आणून देल्ली, फ्रॉक घडी करून, अन् अंडं तसंच.

घरी आलो. गोपिकानं थैलीत हात घातला, अंडं काढलं, परत आत ठेवलं. रडली नाही. रडली असती तं मी बी रडलो असतो, ते बी नाही करू देल्लं तिनं. अन् तेवढ्यात दारात कोण? नत्थूजी. हातात संत्रा बर्फीचा डबा, चेहरा फुललेला. "झालो गा फोरमन! साऱ्यात माहा नंबर पहिला. अगा, त्याचं तोंडच तसं… कोठी हाय आपला सुभेदार? पहिला तुकडा त्याले." मंग प्रेमिलानं सांगितलं. नत्थूजी मटकन खाली बसला, डबा मांडीवर, अन् बसूनच राह्यला, त्याची बायको बोलवाले आली तवा उठला. डबा आमच्याकडेच राह्यला, कोणी हात नाही लावला, मुंग्यायनं खाल्ला.

मंग आला निकाल. जनावराच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं, मेंदूचा पातळ काप करून दुर्बिणीखाली पाहते, रोग असला तं त्यात गुलाबी दाणे दिसते. "दाना नहीं दिखा." मी म्हटलं, म्हणजे चांगला होता? "दाना नहीं दिखा," परत तेच. मी काय थांबतो जी, निकाल घेऊन पळालो सुईवाल्या डॉक्टरकडे, म्हटलं, थांबवा सुया. अन् मंग त्यायनं ते म्हटलं जे मी तुम्हाले सुरुवातीले सांगितलं, अर्थ तसा घेऊ नका म्हणून. "दाणे दिसले तर रोग नक्की. नाही दिसले तर नसेल असं नाही, कधीकधी रोग असून दाणे दिसत नाहीत. कुत्र्यात असं किती वेळा होतं त्याचा अंदाज आहे. मुंगसात…" लिवलं नाही, मीच म्हटलं. "हो. तेव्हा सुया चालूच ठेवू." म्हणजे चित आली तं रोग, अन् पट आली तं सांगता येत नाही. अशा नाण्यावर मी सुभेदारले लावलं होतं, अन् आधी कोणी सांगितलं नाही का नाण्याले एकच बाजू हाय.

परत गेलो जनावराच्या डॉक्टरकडे, लय बोललो, जे तोंडाले येईन ते बोललो. ते बी गरीब माणूस, ऐकून घेतलं. "गरम मत हो भाई. दूसरी जांच है. भेजे का घोल चूहों को लगाते हैं. बीमार था तो चूहे मरेंगे, नहीं था तो जिएंगे. मगर टाइम लगता है." किती? "तब तक तुम्हारी बेटी की सुइयां खतम हो जाएंगी." मंग ते तपासून फायदा काय? "रेकॉर्ड रहता है."

इकडे आमचे दिवस कसे गेले ते आम्हाले माहीत. मुंगसाचा मेंदू तिकडे उंदरात, मेंढीचा मेंदू इकडे माह्या पोट्टीत. रोज सकाळी प्रेमिला तिच्या पायाशी बसे, "पाय हलव वं बेटा," सुईनं लकवा तं नाही आला म्हणून, अन् रोज ग्लास भरून मी समोर उभा, "पाणी पे," पाण्याले भेऊन तं नाही राह्यली म्हणून. ती एक घोट घेये अन् आम्ही दोघं नवरा-बायको श्वास सोडू. एक दिवस तिनं ग्लास सरकवला. "नको." मी म्हटलं, पे. "नको ना बाबा." प्रेमिला तिथीच भिंतीले धरून उभी. मंग पोट्टी म्हणे, "पोट दुखते जी, पाणी पेलं का गाठी ताणते." पोट बिचारीचं गाठोडं झालं होतं. मी तिच्यासमोर बसून हसलो का रडलो मले आठवत नाही.

जगली. आज बी धडधाकट हाय, चालते, पळते, माह्यासंग भांडते. उन्हाळा सरला, अन् मी उंदराचा निकाल आणाले गेलो. जनावराचे डॉक्टर लांबूनच हसले. "सब चूहे जिंदा. एकदम तंदुरुस्त. तुम्हारा नेवला साफ था." आता याले काय म्हणावं सांगा. ज्यानं जिंदगीभर उंदीर खाल्ले, त्याच्या बाजूनं साक्ष देल्ली कोणी, तं उंदरायनं. मी म्हटलं, आता त्या उंदरायचं काय करता जी? "खतम कर देते हैं. नियम है." पण ते तं चांगले हायत ना? "हां, वही तो देखना था."

जाता जाता सुईवाल्या डॉक्टरले सांगितलं, म्हटलं, साहेब, उंदीर जगले, आता तं पक्कं? "बऱ्यापैकी," म्हणे. बऱ्यापैकी म्हणजे? "मे महिन्यातला नमुना. पाठवताना भोवतीचा बर्फ वितळला असेल, उष्णतेनं रोगाचे जंतू मेले असतील, तर उंदीर जगणारच." मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, साहेब, एवढं एकच सांगा, माही पोट्टी सुयायनं वाचली, का सुभेदार चांगला होता म्हणून वाचली? डॉक्टरनं परत चष्मा काढला, पुसला. "ते आता कधीच कळणार नाही, बळीरामजी. मुलगी आहे ना." हाय जी, पोट्टी हाय. मी त्यायच्या पाया पडलो, अन् बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहून शिव्या देल्ल्या. दोन्ही मनापासून.

घरी येऊन पोट्टीले सारं खरं सांगितलं, उंदरायचं बी. तिनं ऐकून घेतलं अन् गुमान अभ्यासाले बसली. मले वाटलं, सुटलो.

कायचं सुटतो. सुभेदार गेला तसे घरात उंदीर झाले. तांदूळ खाल्ला, चादर कुरतडली, प्रेमिलानं पिंजरा लावला, एक सापडला, ती त्याले बालटीत बुडवाले निघाली तं गोपिका मोरीच्या दारात आडवी. "आई, त्याले नाही मारायचं. उंदरायनं सुभेदारची साक्ष देल्ली." प्रेमिला म्हणे, अवं, ते उंदीर वेगळे, पांढरे, सरकारी. पोट्टी म्हणे, "तुम्ही चांगल्याले बी मारता. याले तपासलं का?" अन् प्रेमिलानं बालटी खाली ठेवली.

तवापासून काय, रोज सकाळी पिंजरा हाती घेऊन मी राखेच्या तळ्यापर्यंत जातो, उंदीर सोडतो, अन् मी घरी पोहोचाच्या आधी तो पोहोचलेला असते. परवा तसाच चाललो होतो, तं समोरून नत्थूजी, आता फोरमनचा सुपरवायजर व्हायची मुलाखत हाय त्याची, इस्त्रीची पँट, डोक्याले तेल. पिंजऱ्याजवळ थांबला, वाकला, आत पाह्यलं, अन् लय हळू आवाजात मले इचारते, "बळीराम… निघताना उंदराचं तोंड दिसलं तं कसं असते गा?"

म्हटलं, जा नत्थूजी. लिवलंच नाही.